फील्डबस सेगमेंटचा पॉवर कंडिशनर: बसवण्यापासून पावसाळ्यातल्या देखभालीपर्यंत

फोर-ट्वेंटीच्या (४ ते २० मिलिअँपिअरच्या, दर उपकरणाला तारांची वेगळी जोडी देणाऱ्या) लूपमध्ये फ्यूज उडाला तर एक ट्रान्समीटर, म्हणजे मोजमाप पाठवणारं एक उपकरण, जातो. फाउंडेशन फील्डबस या डिजिटल पद्धतीत अनेक उपकरणं तारांच्या एकाच जोडीवर असतात; अशा जोडीचा, म्हणजे एच-वन सेगमेंटचा, वीजपुरवठा गेला तर दहा-बारा उपकरणं एकदम जातात. फ्लो, लेव्हल, प्रेशर, दोन-तीन कंट्रोल व्हॉल्व्हचे पोझिशनर (व्हॉल्व्ह किती उघडा ठेवायचा ते सांभाळणारे), सगळे एकाच क्षणी गप्प. एवढी जबाबदारी ज्याच्यावर आहे ते पॉवर कंडिशनर मॉड्यूल मार्शलिंग पॅनेलमध्ये (फील्डच्या केबल जिथे येऊन मिळतात तिथे) हिरवा दिवा लावून बसलेलं असतं आणि दिवा हिरवा आहे म्हणून वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

मी कोकण पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. दमट हवा, खारा वारा आणि चार महिने कोसळणारा पाऊस यांत फील्डबस सेगमेंट कसे आजारी पडतात ते जवळून पाहिलं. कंडिशनरवर ढकललेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ शेवटी दुसरीकडेच सापडलं: टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावलेला रोध), शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) किंवा जंक्शन बॉक्समधलं (केबल जोडायच्या डब्यातलं) पाणी. पण हे ओळखता येण्यासाठी सेगमेंट धडधाकट असताना त्याचं रीडिंग काय होतं ते माहीत असावं लागतं. या लेखात मी पुनःपुन्हा त्याच मुद्द्यावर येणार आहे.

साधा २४ व्होल्टचा सप्लाय का चालत नाही

एच-वन सेगमेंटमध्ये दोन तारांवरून उपकरणांना वीजही जाते आणि त्याच तारांवरून ती एकमेकांशी बोलतात. वेग ३१.२५ किलोबिट प्रति सेकंद. बोलणारं उपकरण आपला करंट साधारण ८ ते १० मिलिअँपिअरने वर-खाली करतं. केबलच्या दोन टोकांना प्रत्येकी १०० ओमचा टर्मिनेटर असतो, म्हणजे समांतर मिळून ५० ओम. त्या ५० ओमवर हा बदलता करंट पाऊण ते एक व्होल्ट पीक-टू-पीक एवढा सिग्नल उभा करतो. बाकीची उपकरणं तोच ऐकतात.

आता नियंत्रित डीसी सप्लायचा धर्म काय, तर व्होल्टेज जराही हलू द्यायचं नाही. तो सरळ सेगमेंटवर जोडला तर सिग्नललाही तो 'हललेलं व्होल्टेज' समजून दाबून टाकतो. मल्टीमीटरवर २४ व्होल्ट छान दिसतात, पण सेगमेंटवर एकही उपकरण दिसत नाही. कंडिशनर या दोघांच्या मध्ये बसतो. डीसी करंट तो बिनबोभाट जाऊ देतो आणि सिग्नलच्या वारंवारतेला मात्र मोठा अडथळा दाखवतो. जुन्या पॅसिव्ह रचनेत हे काम इंडक्टर आणि रेझिस्टर करत, आता बहुतेक मॉड्यूलमध्ये तेच काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. प्रोफिबस पीए या दुसऱ्या फील्डबसचा भौतिक थर (तारा आणि सिग्नलची पद्धत) हाच असल्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू पडतं.

मागणी नोंदवण्याआधी: कागदावरचा हिशोब

मॉड्यूल निवडताना आउटपुटचं व्होल्टेज आणि करंट हे दोनच आकडे पाहून भागत नाही. शेवटच्या उपकरणापाशी किती व्होल्ट उरतात हा खरा प्रश्न. उपकरणाला किमान ९ व्होल्ट लागतात. मी कागदावर १० च्या खाली जाऊ देत नाही.

एक उदाहरण घेऊ. १२ उपकरणं, प्रत्येकी सरासरी २० मिलिअँपिअर, म्हणजे २४०. पुढे कधीतरी वाढणाऱ्या दोन उपकरणांसाठी ४०. कपलरचे (ट्रंकवरून, म्हणजे मुख्य केबलवरून, उपकरणांकडे फाटे काढणाऱ्या डब्याचे) स्वतःचे ५. एखादा स्पर (उपकरणाकडे जाणारा फाटा) शॉर्ट झाला तर कपलर तिथला करंट ६० च्या आसपास रोखतो असं धरलं, तर त्या स्परचे नेहमीचे २० वजा करून ४० जादा. एकूण ३२५ मिलिअँपिअर. शॉर्टचा हा जादा करंट हिशोबात धरायला लोक विसरतात. मग एका स्परमध्ये दोष आला की टोकाची निरोगी उपकरणंही खाली पडतात आणि कपलरचं संरक्षण असून नसल्यासारखं होतं.

ट्रंक ५०० मीटर. टाइप ए केबलचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला साधारण ४४ ओम, म्हणजे इथे २२ ओम. पण हा आकडा २० अंश सेल्सिअसचा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. उन्हात तापलेल्या केबल ट्रेमध्ये ५० अंश धरले तर २२ चे साडेचोवीस होतात. ०.३२५ गुणिले २४.५ म्हणजे जवळपास ८ व्होल्टची घट. मॉड्यूलचं आउटपुट २८ असेल तर कपलरपाशी २० उरतात. कपलरमध्ये आणखी एखादा व्होल्ट जाईल. १०० मीटरच्या स्परवर २० मिलिअँपिअरने व्होल्टचा दहावा भागही पडत नाही, तो सोडून द्या. हा सेगमेंट निर्धास्त आहे. हीच ट्रंक एक किलोमीटरची असती तर १६ व्होल्ट जाऊन कपलरपाशी १२ च उरले असते. पोझिशनर त्या टोकाला असतील तर मी उपकरणं कमी केली असती.

टाइप ए केबलवर ट्रंक आणि सगळे स्पर मिळून लांबी १९०० मीटरच्या आत हवी. एकटा स्पर १२० मीटरपेक्षा लांब नको, आणि एका सेगमेंटवर बारापेक्षा जास्त उपकरणं असतील तर ही मर्यादा आणखी खाली येते.

स्फोटक वायूच्या क्षेत्रात निवड आधी सुरक्षिततेच्या पद्धतीवरून ठरते. फिस्को पद्धतीत सप्लायच मर्यादित असतो, सुमारे १२-१३ व्होल्ट आणि आयआयसी गटासाठी (सगळ्यात सहज पेटणाऱ्या वायूंसाठी) १०० ते १२० मिलिअँपिअर. त्यावर चार-पाच उपकरणांपलीकडे जाता येत नाही. हाय-पॉवर ट्रंकमध्ये पूर्ण ताकदीची ट्रंक फील्ड बॅरियरपर्यंत (स्परची वीज मर्यादित करणाऱ्या डब्यापर्यंत) नेतात आणि तिथून पुढचे स्पर इंट्रिन्सिकली सेफ, म्हणजे ठिणगी पडली तरी वायू पेटू न देणारे, असतात. यात स्परवर चालू स्थितीत काम करता येतं, पण झोन १ मधल्या (नेहमीच्या कामातही स्फोटक वायू असू शकतो अशा भागातल्या) ट्रंकच्या टर्मिनलला चालू वीज असताना हात लावायचा नाही. बॅरियरच्या डब्यात दोन्ही टर्मिनल शेजारी-शेजारी असतात, म्हणून ट्रंकच्या बाजूवरचं झाकण आणि इशाऱ्याची पट्टी जागेवर आहे का हे प्रत्येक वेळी पाहा.

गॅल्व्हॅनिक आयसोलेशन असलेलंच, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू विजेच्या दृष्टीने सुटी असलेलंच, मॉड्यूल घ्या. इथे पैसे वाचवू नका. कारण पुढे एका प्रसंगात येईलच.

पॅनेलमध्ये बसवताना

रिडंडंट जोडीतली (एक गेलं तरी दुसरं भार वाहील अशी) दोन मॉड्यूल ज्या कॅरियरवर, म्हणजे बैठकीवर, बसतात, त्या कॅरियरला बल्क सप्लायचे (मॉड्यूलना वीज देणाऱ्या मुख्य डीसी सप्लायचे) दोन वेगळे फीडर द्या. दोन वेगळे सप्लाय, दोन वेगळे एमसीबी आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या यूपीएस. दोन्ही फीडर शेवटी एकाच एमसीबीवर येऊन मिळालेले मी पाहिले आहेत. ड्रॉइंगमध्ये रिडंडन्सी होती, पॅनेलमध्ये नव्हती. म्हणून तारेला बोट लावत मागे-मागे जा आणि दोन्ही फीडर मुळाशी वेगळे आहेत याची खात्री करा.

मॉड्यूलच्या वर आणि खाली उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा सोडा. आठ सेगमेंट म्हणजे रिडंडंट जोडीची सोळा मॉड्यूल एका रेलवर येतात, आणि प्रत्येक जण थोडी-थोडी उष्णता सोडत असतो. वायरिंग डक्ट त्यांना खेटून गेला तर गरम हवा तिथेच कोंडते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं हा जुना ठोकताळा आहे. बल्क सप्लायना तो सगळ्यात आधी भोवतो.

आता अलार्म कॉन्टॅक्ट. बहुतेक कॅरियरवर एक कोरडा रिले कॉन्टॅक्ट असतो. सगळं ठीक असताना तो बंद असतो आणि बिघाड झाला की उघडतो. सगळ्या कॅरियरचे कॉन्टॅक्ट साखळीने जोडून डीसीएसच्या (कंट्रोल रूममधल्या नियंत्रण यंत्रणेच्या) एका डिजिटल इनपुटवर आणायचे. कमिशनिंगच्या घाईत कुणीतरी या साखळीवर तारेचा एक लूप मारून ती कायम बंद करून ठेवतो, 'नंतर काढू' म्हणून. एका प्लँटमध्ये तो लूप तसाच राहिला होता. जोडीतलं एक मॉड्यूल कधी मेलं कुणालाच कळलं नाही, कारण दुसरं सगळा भार वाहत होतं. पुढे एका रात्री दुसऱ्यानेही मान टाकली आणि अख्खा सेगमेंट गेला. पॅनेल उघडल्यावर साखळीवरचा तो पिवळा लूप दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याच पॅनेलसमोरून मी कित्येकदा गेलो होतो. तेव्हापासून मी कागदावरची सही पाहून थांबत नाही. प्रत्येक जोडीतलं एकेक मॉड्यूल बाहेर ओढतो आणि कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला का हे वॉकी-टॉकीवर विचारून घेतो.

वायरिंग: ट्रंक, शील्ड, टर्मिनेटर

प्लस-मायनसचे रंग सगळ्या प्लँटमध्ये एकच ठेवा. तारेच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) लावा, जोडाचा पीळ शक्य तितका कमी उघडा आणि टर्मिनल घट्ट केल्यावर तार हलकी ओढून पाहा. दोन्ही तारांपैकी एकही अर्थ करायची, म्हणजे जमिनीला जोडायची, नाही. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि मोटरच्या केबल ज्या ट्रेमधून जातात त्यातून ट्रंक नेऊ नका.

शील्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करायची. जंक्शन बॉक्समध्ये ती पुढच्या केबलच्या शील्डला जोडून अखंड न्यायची आणि उपकरणाच्या टोकाला कापून टेप किंवा स्लीव्हने झाकायची. सांगायला हे दोन ओळींचं काम आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फोर-ट्वेंटीवर हात बसलेला फिटर ट्रान्समीटरच्या आतल्या अर्थ स्क्रूला शील्ड सवयीने बांधतो. केबलच्या दोन टोकांच्या अर्थमध्ये थोडा जरी फरक असला तरी शील्डमधून करंट वाहू लागतो आणि ज्या शील्डने गोंगाट अडवायचा तीच तो आत आणते. माझा आग्रह असतो की स्पर जोडताना फिटरच्या शेजारी एकदा तरी उभं राहावं आणि पहिली दोन उपकरणं त्याच्याबरोबर आपल्या हाताने करावीत.

टर्मिनेटर म्हणजे १०० ओम आणि १ मायक्रोफॅरड एकापुढे एक. एका सेगमेंटवर बरोबर दोन, ट्रंकच्या दोन टोकांना. पॅनेलच्या टोकाचा बहुधा कंडिशनरमध्ये किंवा त्याच्या कॅरियरमध्येच असतो, कधी कायमचा तर कधी स्विचने चालू-बंद होणारा. तुमच्या मॉड्यूलमध्ये तो कुठे आहे ते डेटाशीटमध्ये पाहून पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा. फील्डच्या टोकाचा शेवटच्या कपलरमध्ये असतो. मधल्या कपलरमधला टर्मिनेटर स्विच बंद आहे का, हे प्रत्येक डबा उघडून डोळ्याने पाहायचं.

वीज देण्याआधीची मोजमापं

मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावायचा तो फक्त नागड्या केबलवर. उपकरणं, कपलर आणि कंडिशनर, तिन्ही सुटे केल्याशिवाय ५०० व्होल्टच्या मेगरचं बटण दाबू नका. कपलरची इलेक्ट्रॉनिक्स त्या एका दाबात जाते.

मेगर आटोपला की केबलचं लांबचं टोक शॉर्ट करून पॅनेलमधून रोध मोजा. ५०० मीटरला २२ ओमच्या आसपास यायला हवेत. तीस आले तर एक तर केबल ड्रॉइंगपेक्षा लांब गेली आहे किंवा मध्ये एखादा जोड सैल आहे. मोजायला मिनिटभर लागतं, आणि वर केलेला व्होल्टेजचा हिशोब खरा की खोटा तेही इथेच कळतं. शॉर्ट काढायला विसरू नका.

मग कपलर आणि फील्डचा टर्मिनेटर जोडून, स्पर आणि कंडिशनर सुटे ठेवून, साध्या मल्टीमीटरने:

प्लस ते मायनस: आकडा चढत जाऊन ५० किलोओमच्या वर गेला पाहिजे. टर्मिनेटरमधला कपॅसिटर चार्ज होतो म्हणून तो चढतो.

प्लस ते शील्ड, मायनस ते शील्ड, प्लस ते अर्थ, मायनस ते अर्थ: प्रत्येक ठिकाणी २० मेगओमच्या वर.

शील्ड ते अर्थ: पॅनेलमध्ये शील्ड जोडण्याआधी हाही २० मेगओमच्या वर, जोडल्यावर १ ओमच्या खाली. आधीचं माप न घेता थेट जोडली तर फील्डमध्ये कुठे अर्थ झाली आहे का हे पुढे कळायची सोय राहत नाही.

मल्टीमीटरला कपॅसिटन्सची रेंज असेल तर प्लस-मायनसमध्ये तीही पाहा. एका टर्मिनेटरचा १ मायक्रोफॅरडच्या आसपास आकडा दिसतो. २ दिसला तर कुठल्या तरी डब्यात जादा टर्मिनेटर चालू आहे. फील्डमध्ये न जाता हा दोष पकडायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

वीज देताना

आधी बल्क सप्लायचं व्होल्टेज आणि पोलॅरिटी. मग एकच मॉड्यूल लावा, ट्रंक सुटी ठेवून आउटपुट मोजा. ट्रंक जोडा, पुन्हा मोजा. फील्डमध्ये शेवटच्या कपलरपाशी मोजा. यानंतर स्पर एकेक करून जोडायचे, प्रत्येक जोडणीनंतर पॅनेलमध्ये करंट किती वाढला ते पाहत. उपकरणाच्या डेटाशीटमध्ये १८ मिलिअँपिअर असतील आणि ३० ने वाढला तर तिथेच थांबा. बाराही स्पर जोडून मग सेगमेंट का उठत नाही म्हणून शोधत बसण्यात अख्खा दिवस जातो.

सगळी उपकरणं डीसीएसवर दिसू लागली की दुसरं मॉड्यूल लावा. मग पहिलं काढा, सेगमेंट हलता कामा नये. पहिलं परत लावून दुसरं काढा. शेवटी एक-एक बल्क फीडर बंद करून पाहा. हे सगळं प्लँट सुरू होण्याआधीच करायचं, कारण नंतर कुठलाही प्रॉडक्शन मॅनेजर याला परवानगी देत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

पहिल्या दिवसाची वही

सेगमेंट पूर्ण भारावर असताना हे लिहा: पॅनेलमधलं आणि शेवटच्या कपलरपाशी मिळणारं व्होल्टेज, एकूण करंट, प्रत्येक उपकरणाची सिग्नल पातळी, गोंगाटाची पातळी, शील्ड शॉर्टची तपासणी, मॉड्यूलचे अनुक्रमांक, तारीख आणि हवा कोरडी होती की पाऊस. एफबीटी-सिक्ससारखा हातातला फील्डबस टेस्टर यातलं बरंच काही काही मिनिटांत देतो. मॉड्यूलच्या शेजारी डायग्नोस्टिक मॉड्यूल असेल तर त्याची नोंद डीसीएसमध्येच साठते, तरी मी कागदावर एक प्रत ठेवतोच.

टेस्टरची मर्यादा सिग्नलसाठी किमान १५० मिलिव्होल्ट आणि सिग्नलच्या पट्ट्यातल्या गोंगाटासाठी कमाल ७५ मिलिव्होल्ट असते. पण मर्यादेच्या आत आहे म्हणजे ठीक आहे असं समजू नका. पहिल्या दिवशी गोंगाट १५ होता आणि आज ५५ आहे, तर टेस्टर 'ओके' म्हणेल आणि सेगमेंट आजारी असेल. हा फरक फक्त वही दाखवते.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात

महिन्यातून एकदा पॅनेलसमोर पाच मिनिटं: दोन्ही मॉड्यूलचे दिवे, जोडीतला करंट दोघांत साधारण सारखा वाटला जातोय का, पंख्याची जाळी तुंबली आहे का. एवढं पुरे.

खरं काम मे महिन्यात. पाइपरॅकवरचा प्रत्येक फील्डबस जंक्शन बॉक्स उघडून गॅस्केट बदलायची गरज आहे का पाहा, वापरात नसलेल्या भोकांना योग्य प्रमाणित प्लग लावा, ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथलं सील) घट्ट करा. केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ घेते ना, ते पाहा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. वरून शिरणारा ग्लँड कुणी बसवला असेल तर तो खाली आणण्यासाठी शटडाऊनमध्ये वेळ मागून घ्या. टर्मिनलवर हिरवट थर दिसला तर तार कापून नवीन फेरूल लावा, नुसतं घासून भागत नाही. परमिट आणि क्षेत्राचे नियम या प्रत्येक डब्याला लागू आहेत, घाई कितीही असो.

एका जुलैमध्ये दोन सेगमेंट दुपारभर डळमळत होते. उपकरणं जात होती, परत येत होती. कंडिशनर दोन्हीकडे बदलून झाले, फरक शून्य. वहीतल्या मे महिन्याच्या पानावर दोन्हीकडे मायनस ते अर्थ २० मेगओमच्या वर होता. आता दोन्हीकडे काही किलोओम. दोन्ही ट्रंक एकाच डब्यातून जात होत्या आणि डब्यात चार बोटं पाणी साठलं होतं. तिथली मॉड्यूल आयसोलेशन नसलेली होती. त्यामुळे दोन्ही सेगमेंटचे मायनस बल्क सप्लायमधून आधीच एक झालेले, वर दोघांनाही अर्थ लागलेली. एकाचा सिग्नल दुसऱ्यात मिसळत होता. आयसोलेशन असतं तर एकेका तारेच्या अर्थने गोंगाट वाढला असता, पण निदान एका सेगमेंटचा दोष दुसऱ्याच्या घरात घुसला नसता. पाणी काढून टर्मिनल सुकवल्यावर दोन्ही सेगमेंट संध्याकाळपर्यंत शांत झाले.

मॉड्यूल दोषी आहे का, ते ठरवताना

सिग्नल सगळ्याच उपकरणांचा जवळपास एक तृतीयांशाने घटला असेल तर आधी जादा टर्मिनेटर शोधा. दोन टर्मिनेटरचे ५० ओम होतात, तिघांचे ३३. उलट सगळ्यांचा सिग्नल एकदम वाढला तर एक टर्मिनेटर सुटला आहे. सिग्नल मोठा दिसतो म्हणून खूश होऊ नका, त्याच्याबरोबर परावर्तनं येतात. एकाच उपकरणाचा सिग्नल घटला तर दोष त्याच्या स्परमध्ये. व्होल्टेज घटलं आणि करंट वाढला तर स्पर शॉर्ट किंवा पाणी. व्होल्टेज घटलं, करंट तेवढाच, आणि बल्क सप्लाय ठीक, तेव्हा मी पहिल्यांदा मॉड्यूलकडे बोट दाखवतो.

रिडंडंट जोडीत मॉड्यूल चालू सेगमेंटवर बदलता येतं. त्याआधी पॅनेल ऑपरेटरला सांगा आणि त्या सेगमेंटवरचे महत्त्वाचे लूप मॅन्युअलवर घ्यायला सांगा. मग जे मॉड्यूल काढायचं नाही ते खरोखर भार घेत आहे का हे मोजून पाहा. दिव्यावर विश्वास ठेवू नका, कारण चुकून निरोगी मॉड्यूल ओढलं तर सेगमेंट तुमच्या हाताने जाईल. नवीन मॉड्यूलचा पार्ट नंबर जुन्याशी अक्षरशः जुळवा. आउटपुट व्होल्टेज वेगळं असलेलं मॉड्यूल त्याच खाचेत बसत असेल, तरी जोडीतला भार नीट वाटला जाणार नाही. टर्मिनेटर कॅरियरमध्ये नसून मॉड्यूलमध्ये असेल तर ते काढताना टर्मिनेटरही जातो, तेव्हा शटडाऊनची वाट पाहा. एकटं मॉड्यूल असेल तरीही शटडाऊनच.

बसवल्यावर अलार्मची साखळी परत बंद झाली का ते डीसीएसवर विचारून घ्या. मग टेस्टर लावून पहिल्या दिवसासारखीच सगळी रीडिंग पुन्हा घ्या, वहीत नवं पान करा, जुन्या आणि नव्या मॉड्यूलचे अनुक्रमांक शेजारी-शेजारी लिहा. काढलेल्या मॉड्यूलला कशामुळे काढलं याची चिठ्ठी बांधून मगच ते स्टोअरमध्ये द्या. चिठ्ठी नसलेलं मॉड्यूल सहा महिन्यांनी कुणीतरी चांगलं समजून परत त्याच रेलवर बसवतो.